खाते क्रमांक न लिहिता पैसे भामरागडला पोचतात, ते कसे?

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे भामरागड आहे. तालुक्याचं ठिकाण असूनही पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. एसटी थांबते, भाजीपाला थांबतो, कधी मोबाईलची रेंजही जाते.

तरीही इथल्याच, किंवा इथून आणखी आत राहणाऱ्या एखाद्या माडिया मुलीच्या बँक खात्यात एक दिवस शिष्यवृत्तीचे पैसे येऊन पडतात. यात नवल कसलं, असं वाटेल. नवल असं, की पैसे पाठवणाऱ्याच्या यादीत तिचा खाते क्रमांक असण्याची गरजच नसते. शाखेचं नाव नाही, आयएफएससी कोड नाही. असतो तो फक्त तिचा बारा आकडी आधार क्रमांक आणि त्याच्यापुढे रक्कम.

मग हे पैसे नेमके तिलाच कसे सापडतात? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली हजारो मुलं दर वर्षी ‘स्कॉलरशिप पडली का?’ असं एकमेकांना विचारतात. त्या साध्या प्रश्नामागची यंत्रणा पाहिली की थक्क व्हायला होतं.

तिघे, आणि तिघांकडे एकेक तुकडा

मुंबईत मुख्यालय असलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था २००८ साली उभी राहिली. आपण चहाच्या टपरीवर वापरतो ते यूपीआय तिचंच. याच संस्थेकडे एक अवाढव्य यादी आहे. तिला ‘मॅपर’ म्हणतात. या यादीत एका बाजूला आधार क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला एका बँकेचा ओळख क्रमांक, एवढीच नोंद असते. खाते क्रमांक तिथेही नसतो.

सरकारची फाईल आली की मॅपर प्रत्येक आधार क्रमांकापुढची बँक पाहतो आणि रक्कम त्या बँकेकडे वळवतो. बँक आपल्या संगणकात बघते, की या व्यक्तीने सरकारी पैशांसाठी कोणतं खातं नेमून दिलं आहे. त्या खात्यात रक्कम जमा होते.

म्हणजे सरकारला विद्यार्थी आणि योजना माहीत, पण तिचं खातं माहीत असायची गरज नाही. एनपीसीआयला बँक माहीत, पण खातं नाही. बँकेला खातं माहीत, पण ही मुलगी कोणत्या वर्गात शिकते, तिचा फॉर्म कधी मंजूर झाला, याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. तिघांपैकी एकालाही सगळा रस्ता ठाऊक नसतो, आणि तरी पैसे मुक्कामी पोचतात.

त्या बारा आकड्यांतही एक करामत दडलेली आहे. आधार क्रमांक शून्याने किंवा एकाने कधीच सुरू होत नाही, आणि त्याचा शेवटचा आकडा हा पहारेकरी असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून गणित करून तो काढलेला असतो. हे गणित डच गणिती याकोबस फरहूफ यांनी १९६९ साली मांडलं. माणसं आकडे लिहिताना कोणत्या चुका करतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. एक आकडा चुकणं आणि शेजारचे दोन आकडे उलटसुलट होणं, या दोन चुका सर्वांत जास्त होतात. फरहूफ यांनी नियमित पंचकोन फिरवण्याच्या आणि उलटा करण्याच्या गणितातून अशी रीत काढली, की या दोन्ही प्रकारच्या चुका हमखास पकडल्या जातात. एटापल्लीच्या सायबर कॅफेत फॉर्म भरताना कुणी ४७ ऐवजी ७४ टाकलं, तर ती चूक या रीतीने तिथल्या तिथे उघडी पडते. एक पंचकोन एटापल्लीत अशी राखण करतो!

देशातला पहिला आधार क्रमांकही महाराष्ट्रातल्या आदिवासी गावातच दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात हा कार्यक्रम झाला. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, १ जानेवारी २०१३ला, केंद्राने थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी, काही जिल्ह्यांत सुरू केलं. सुरुवातीच्या योजनांत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या ठळक होत्या. पुढे महाराष्ट्राने निरनिराळ्या खात्यांच्या शिष्यवृत्त्या ‘महाडीबीटी’ या एका पोर्टलवर आणल्या.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं एक उत्तर गडचिरोलीतच आहे. पूर्वी शिष्यवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग महाविद्यालयांच्या हातून जाई. २०१४-१५च्या सुमारास गडचिरोलीत शिष्यवृत्ती घोटाळा उघडकीस आला. कागदावर विद्यार्थी दाखवून काही संस्थांनी पैसे उचलल्याची प्रकरणं बाहेर आली, तपासाचा पसारा राज्यभर वाढला आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. ज्याच्या नावाने पैसे निघाले तो माणूस खरोखर आहे का, हा प्रश्न या जिल्ह्याने राज्यासमोर ठेवला. आज त्या प्रश्नाचं उत्तर बारा आकडे देतात.

पंचवीस रुपयांपासून

शिष्यवृत्तीने काय घडू शकतं, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. म्हणजे शिष्यवृत्ती ‘मिळवणं’ आणि तिच्या अटी ‘पाळणं’ ही जोडगोळी तेव्हाही होतीच.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाचा आग्रह धरला. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही मिळू लागली. आज गोंड, माडिया, कोलाम, परधान मुलं ‘पोस्ट मॅट्रिक’ म्हणून जो फॉर्म भरतात, त्याची मुळं स्वातंत्र्याच्याही मागे जातात.

या इतिहासाचा एक धागा थेट चंद्रपूरला बांधलेला आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथेही दीक्षेचा सोहळा झाला. त्या दीक्षाभूमीवर आज त्यांच्या नावाचं महाविद्यालय उभं आहे. तिथल्या वर्गांत बसणारी अनेक मुलं १९४४च्या त्या योजनेची वारसदार आहेत.

एक रुपयापासून साठ हजारांपर्यंत

सरकारी मदतीचा जिना कुठून कुठवर जातो ते पाहण्यासारखं आहे. सर्वांत खालची पायरी आहे रोजच्या एक रुपयाची. १९९२ पासून आदिवासी उपयोजना क्षेत्रातल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी ‘उपस्थिती भत्ता’ सुरू झाला. शाळेत आलीस की एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये, कारण शाळेचे दिवस तेवढेच. रक्कम आज हसण्यावारी जाईल, पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. मोहफुलं वेचायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबणारी मुलगी शाळेत आली, तर घराचं थोडं नुकसान होतं, हे सरकारने त्यात मान्य केलं होतं.

वरची पायरी सुवर्ण महोत्सवी आदिवासी शिष्यवृत्तीची. महाराष्ट्राला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१०-११ पासून, ती आली. पहिली ते चौथीला वर्षाला १,०००, पाचवी ते सातवीला १,५०० आणि आठवी ते दहावीला २,००० रुपये.

आठवीत एनएमएमएस ही राष्ट्रीय परीक्षा. तीत निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मात्र यात एक खोच आहे. जिथे राहण्या-जेवणाची सोय सरकारच करतं, अशा निवासी शाळांतल्या मुलांना ती मिळत नाही. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकणारी बहीण पात्र आणि सरकारी आश्रमशाळेत राहणारा भाऊ अपात्र, असं एकाच घरात होऊ शकतं.

अकरावीपासून पोस्ट मॅट्रिक. यात दोन भाग असतात. एक महाविद्यालयाची फी, दुसरा विद्यार्थ्याच्या हातात पडणारा निर्वाह भत्ता. २०१० साली ठरलेल्या केंद्रीय दरांत अकरावी-बारावीच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला महिना ३८० रुपये होते आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीला १,२०० रुपये. अनुसूचित जातींसाठी २०२१ मध्ये दर नव्याने ठरले. अकरावी-बारावीच्या वसतिगृहवासीला वर्षाला ४,०००, तर सर्वांत वरच्या गटाला १३,५००.

एवढ्यात बाहेरगावी राहणं होत नाही. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर काय, याचं उत्तर २०१६-१७ मध्ये दोन योजनांनी दिलं. अनुसूचित जातींसाठी ‘स्वाधार’, आदिवासींसाठी ‘स्वयम्’. इथे सरकारने शहर पाहून हिशेब मांडला. नागपूरला शिकायला गेलात तर वर्षाला ६०,००० रुपये. त्यात जेवणाचे ३२,०००, खोलीचे २०,००० आणि किरकोळ खर्चाचे ८,०००. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याला ३८,०००. कुरखेड्यात खोलीसाठी वर्षाला दहा हजार आणि नागपुरात वीस हजार, असा एका सरकारी तक्त्याने दोन गावांमधला फरक आकड्यात पकडला आहे. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठीही पुढे ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आली.

पैसे थेट खात्यात देणं नेहमीच गोड लागत नाही, हेही इथे नोंदवायला हवं. २०१८ साली सरकारने आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरवलं. तेव्हा विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे उशिरा आले तर जेवायचं काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. शिकवणीची फी महिनाभर थांबू शकते, रात्रीचं जेवण थांबत नाही.

६ सप्टेंबर १९५०

फॉर्मसोबत कागद लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातला एक कागद माणसाला पाऊणशे वर्षं मागे घेऊन जातो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना आणि तिथली शिष्यवृत्ती घेताना जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींच्या दाव्यांची पडताळणी करणारी एक समिती गडचिरोलीतच बसते. तिच्यासमोर सर्वांत वजनदार पुरावा ठरतो तो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. कारण त्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी जाहीर झाली. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आता विचार करा. १९५० साली गडचिरोली जिल्हा नव्हता. तो चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला. चंद्रपूर हे नावही कागदोपत्री नव्हतं, जिल्हा ‘चांदा’ होता. आणि महाराष्ट्रही नव्हता. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे आज अहेरीची मुलगी नर्सिंगला प्रवेश घेते, तेव्हा तिच्या पणजोबाच्या नावाचा कागद अशा राज्यातून शोधावा लागतो, ज्या राज्यात तिचं गाव आज नाही.

हा कागद बहुधा सापडतो तो जुन्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या. दौतीत बुडवलेल्या टाकाने ओढलेले रकाने. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, नाव खारीज झाल्याचा दिवस. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. त्या रकान्यांमधल्या ‘जात’ खाली एका मास्तराने कधीतरी ‘गोंड’ किंवा ‘माडिया’ असं लिहून ठेवलेलं असतं. ज्याचं नाव लिहिलं तो पोरगा कदाचित तिसरीतच गळाला असेल. पण त्याने शाळेत घालवलेले ते दोन पावसाळे आज त्याच्या पणतीच्या कामी येतात.

आणि ज्या घरातलं कुणीच १९५० पूर्वी शाळेत गेलं नाही, त्यांचं काय? हा प्रश्न भामरागड-एटापल्लीत किंवा चंद्रपूरच्या जिवतीतल्या कोलामांच्या गुड्यात साधा नाही. मग महसुलाच्या जुन्या नोंदी, कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधी वैधता मिळालेली असेल, तर वाट बरीच सोपी होते. एका चुलत्याने केलेली धावपळ सगळ्या भावकीच्या उपयोगी पडते ती अशी.

काहींना मात्र ही वाटच नाही. मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्यांच्यातले पुष्कळ जण नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. एकच समाज, पण राज्याची हद्द ओलांडली की शिष्यवृत्तीचा रकाना बदलतो.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. पोस्ट मॅट्रिकसाठी मर्यादा वर्षाला अडीच लाख. पगारदाराचं उत्पन्न एका कागदावर मावतं. पण ज्या घराचं वर्ष धानाच्या एका पिकावर, मेमधल्या तेंदूपत्त्यावर आणि मोहावर चालतं, त्याचं उत्पन्न कसं मोजायचं? तेंदूपत्त्यात सत्तर पानांचं एक पुडकं, त्यावर मजुरी. अख्खं घर पहाटे जंगलात जातं, सुट्टीला आलेली कॉलेजची मुलंही जातात. हे सगळं तलाठ्याच्या अहवालात एका आकड्यात बसतं आणि तहसीलदाराच्या सहीने दाखला होतो.

फॉर्मचा प्रवास

कागद जमले की सेतू केंद्र किंवा सायबर कॅफे. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलीत दहावीची मार्कलिस्ट, टीसी, बोनाफाईड, डोमिसाईल, रेशनकार्ड. मोबाईल मात्र घरी भावाकडे आणि ओटीपी त्याच्यावर आलेला! मग भावाला फोन लावायचा आणि त्याने सहा आकडे वाचून दाखवेपर्यंत रांग थांबवून ठेवायची.

‘सबमिट’ दाबलं म्हणजे काम झालं, असं मुलांना वाटतं. खरं तर तिथून प्रवास सुरू होतो. आधी महाविद्यालयातल्या क्लर्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या. तिथून खात्याकडे. आदिवासी विद्यार्थ्याचा अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जातो. गडचिरोली जिल्ह्यात अशी तीन कार्यालयं आहेत: गडचिरोली, अहेरी, भामरागड. चंद्रपूर जिल्ह्यात दोन: चंद्रपूर आणि चिमूर. अनुसूचित जातींचा अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कुठल्याही टेबलावर शंका निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे विद्यार्थ्याकडे परत. सूचना येते मोबाईलवर. नंबर बदललेला असेल किंवा गावात रेंज नसेल, तर अर्ज मुदत संपेपर्यंत तसाच पडून राहतो आणि मुलगी घरी वाट बघत बसते.

मंजुरीनंतरही पैसे एका दमात येतीलच असं नाही. आदिवासींच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. अनुसूचित जातींसाठी २०२०-२१ पासून केंद्र ६० आणि राज्य ४०. यात राज्याचा वाटा आधी निघतो, त्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. दोन वाटे, दोन वेळा. पहिला आला की मुलं म्हणतात, ‘अर्धीच पडली.’ अर्धी कुठे हरवलेली नसते, ती मागून येत असते.

मिळालेली टिकवायची

शिष्यवृत्ती एकदा लागली म्हणजे कायमची लागली, हा सर्वांत मोठा गैरसमज. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. काही नियम कडक आहेत, काही अनपेक्षितपणे मायाळू.

एनएमएमएस टिकवायची तर नववी आणि अकरावीत ५५ टक्के, दहावीत ६० टक्के हवेत; अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सूट. पोस्ट मॅट्रिकमध्ये बीकॉम झाल्यावर पुन्हा बीए करायचं म्हटलं तर नाही, कारण पायरी तीच. पुढच्या पायरीला मिळेल. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या गटात पहिल्यांदा नापास झालं तरी शिष्यवृत्ती चालू राहू शकते, दुसऱ्यांदा मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च स्वतःचा. आजारपणामुळे परीक्षा बुडाली, तर वैद्यकीय दाखल्यावर ती टिकते. आदिवासी योजनेच्या नियमांत संपात भाग घेणं हेही गैरवर्तनात धरलं आहे. पुणे-नाशिक रस्त्याने चाललेल्या मुलांपैकी किती जणांना ही ओळ माहीत असेल?

टिकवण्याचा दुसरा भाग बँकेत आहे, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. मॅपरचा नियम असा, की एका आधारपुढे एका वेळी एकच बँक. दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडताना आधार देऊन सरकारी लाभासाठी संमती दिली, की जुनी बँक पुसली जाते आणि नवी लागते. मुलगी जुन्या पासबुकावर नोंद करून घेत राहते, पैसे नव्या खात्यात पडलेले असतात. २०१७ साली तर मोबाईलच्या सिमकार्डाच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवरून पेमेंट बँकेत नकळत खाती उघडली गेली आणि लाखो लोकांचं गॅसचं अनुदान तिकडे वळलं. तेव्हा देशभर बोभाटा झाला होता.

‘माझं आधार लिंक आहे’ हे उत्तरही पुरेसं नाही. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि मॅपरवर सीडिंग होणं वेगळं. पहिलं झालं तरी दुसरं झालेलं नसतं, आणि पैसे अडतात ते दुसऱ्यावर.

आणखी एक बारीक गाठ. पुरेशा कागदांशिवाय उघडलेल्या ‘छोट्या खात्या’तून महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता किंवा वळते करता येत नाहीत. इकडे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने खात्यात आलेली फी सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरायची असते. फी १५,००० असेल तर? एका नियमाने भरायला सांगायचं आणि दुसऱ्याने काढू द्यायचं नाही! उपाय सोपा आहे, बँकेत पूर्ण केवायसी करून घ्यायचं. पण तो पैसे येण्याआधी करायचा असतो.

चांगलं वळणही आहे. पूर्वी दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय व्हायचं आणि आलेले पैसे परत फिरायचे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या सूचनांनी सरकारी लाभासाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना यातून वेगळं काढलं. आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमुळे २०१८ पासून टपाल खात्याचा माणूस दारात खातं उघडून देऊ शकतो. जिथे बँकेची शाखा पन्नास किलोमीटरवर आहे, तिथे ही केवढी मोठी गोष्ट.

चिरचाडीहून मेरीलँड

एवढ्या किचकट वाटेने गेल्यावर पुढे काय असतं? कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावचे भास्कर हलामी अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये औषध संशोधक झाले. २०२२ साली त्यांची कहाणी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. लहानपणी पावसाळ्यात घरात धान्य नसायचं, मोहफुलं शिजवून दिवस काढले, असं त्यांनी सांगितलं होतं. वडिलांना कसनसूरच्या आश्रमशाळेत स्वयंपाक्याचं काम मिळालं आणि घर तिकडे गेलं. चौथीपर्यंत तिथे शिकून शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून ते यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात पोचले. पुढे गडचिरोलीत बीएस्सी, नागपुरात एमएस्सी आणि अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीची पीएचडी. त्यांच्या गावातले ते पहिले विज्ञान पदवीधर. एका चौथीतल्या मुलाच्या परीक्षेने एवढं अंतर कापलं.

आज परिस्थिती तेव्हापेक्षा पुष्कळ बरी आहे. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. पदवीसाठी प्रत्येक कागद नागपूरला न्यावा लागत नाही. योजनाही आहेत, पैसाही आहे.

उणीव एका माणसाची आहे. या यंत्रणेची खुबी हीच, की तिच्यातल्या कुणालाही सगळा रस्ता माहीत असावा लागत नाही. आणि तिची खोटही हीच. पैसे अडले की महाविद्यालय म्हणतं आम्ही पुढे पाठवलं, प्रकल्प कार्यालय म्हणतं आम्ही मंजूर केलं, बँक म्हणते आमच्याकडे काही आलंच नाही. तिघेही खरं बोलत असतात. सगळा रस्ता पायाखालून गेलेला असतो तो फक्त दोन वर्षं फॉर्म भरलेल्या थोरल्या विद्यार्थ्याचा.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात, वसतिगृहात असा कुणी असेल तर त्याला या वर्षी अकरावीत गेलेल्या पोरांसोबत एक दिवस बसवा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. पुढे दिसणारी बँक आपलीच आहे ना, खातं चालू आहे ना, केवायसी पूर्ण आहे ना, फॉर्मवरचा मोबाईल नंबर आपल्याच हातात आहे ना, एवढं पाहून घ्या. आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून अर्ज परत तर आला नाही ना, तेही बघा. आणि पणजोबांची शाळा कोणती होती हे घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा. दाखल-खारीजची वही शोधायला बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका.